विश्लेषण : फिल्म कॅमेऱ्याची दुसरी बॉडी घ्यावी, की आहे तीच दुरुस्त करावी?

कपाटातून वडिलांचा किंवा आजोबांचा जुना कॅमेरा बाहेर काढायचा, त्यात रोल भरायचा आणि ३६ फोटो जपून काढायचे, ही हौस तरुणांमध्ये पुन्हा दिसू लागली आहे. पहिला कॅमेरा बहुधा घरचाच असतो किंवा स्वस्तात मिळालेला असतो. पाच-सहा रोल झाले की मात्र दुसरी बॉडी खुणावू लागते. ती गरज असते की नुसती हौस? आणि चाळीस-पन्नास वर्षे जुन्या यंत्रावर पैसे घालण्याआधी काय पाहावे?

नवा फिल्म कॅमेरा मिळत नाही का?

मिळतो, पण पर्याय मोजके आहेत. कॅननने ईओएस-१व्ही या आपल्या शेवटच्या फिल्म कॅमेऱ्याची विक्री थांबवत असल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले. निकॉनचा एफ६ २०२० मध्ये बंद झाला. लायकाने २०२२ मध्ये एम६ पुन्हा बाजारात आणला, मात्र त्याची किंमत लाखांत आहे. २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ आला. तो हाफ-फ्रेम कॅमेरा आहे, म्हणजे ३६च्या रोलवर ७२ फोटो निघतात. पण त्याची लेन्स बदलता येत नाही. त्यामुळे लेन्स बदलता येणारी बॉडी हवी असेल, तर बहुतेकांना जुन्या बाजारातच जावे लागते. तिथला माल वाढणारा नाही. बंद पडलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यागणिक तो कमीच होतो.

बॉडी बदलली की फोटो बदलतो का?

डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर बॉडीतच असतो. त्यामुळे नवी बॉडी म्हणजे खरोखरच वेगळे चित्र. फिल्मचे तसे नाही. इथे सेन्सरचे काम रोल करतो आणि तोच रोल ३५ मिमीच्या कोणत्याही बॉडीत बसतो. बॉडीचे मूळ काम तीनच गोष्टींचे : आत उजेड येऊ न देणे, फिल्म सपाट धरणे आणि ठरलेल्या वेळेपुरते शटर उघडणे. हे तिन्ही नीट होत असेल, तर तीच लेन्स, तोच रोल आणि तेच सेटिंग ठेवून साध्या व महागड्या बॉडीवर काढलेले फोटो वेगळे ओळखता येणार नाहीत.

बदलतात त्या सोयी. पेंटॅक्स के१००० (१९७६) या कॅमेऱ्याचे सर्वात वेगवान शटर १/१००० सेकंदाचे, तर निकॉन एफएम२चे (१९८२) १/४००० सेकंदाचे. आयएसओ ४००चा रोल भरून भर दुपारच्या उन्हात एफ/१६ला साधारण १/५०० सेकंद लागतात. त्या उन्हात के१०००वर छिद्र एफ/११पर्यंतच उघडता येते, एफएम२वर एफ/५.६पर्यंत. पार्श्वभूमी धूसर हवी असणाऱ्याला हा फरक जाणवतो. पण आयएसओ १००चा रोल भरला, तर के१०००वरही एफ/५.६ गाठता येते. म्हणजे बॉडीची अडचण अनेकदा रोल बदलूनच सुटते.

मग दुसरी बॉडी खरोखर कधी लागते?

पहिले कारण, एकाच वेळी दोन प्रकारचे रोल वापरायचे असतील तर. मोबाइलमध्ये दर फोटोला आयएसओ बदलतो. फिल्ममध्ये एकदा भरलेला रोल संपेपर्यंत तोच. पालखी सोहळ्यात दिवसा उन्हातली दिंडी रंगीत आयएसओ १००वर आणि रात्री मंडपातले कीर्तन कृष्णधवल ४००वर टिपायचे असेल, तर दोन बॉडी कामी येतात. मात्र हे क्वचितच करायचे असेल, तर बिनखर्चाचा उपायही आहे. किती फोटो झाले ते लिहून ठेवायचे, रोल गुंडाळताना त्याचे टोक बाहेर राहू द्यायचे आणि नंतर तोच रोल पुन्हा भरून, लेन्सला झाकण लावून तेवढे फोटो ‘कोरे’ काढत पुढे जायचे. सुरक्षिततेसाठी एक-दोन फ्रेम वाया जातात, एवढेच.

दुसरे कारण, पुन्हा न येणारा प्रसंग. फिल्ममध्ये काढलेला फोटो लगेच दिसत नाही. शटर अडकले होते किंवा रोल पुढे सरकतच नव्हता, हे कधी कधी रोल धुतल्यावरच कळते. त्यामुळे लग्नकार्यासारख्या कामाला दुसरी बॉडी ही चैन ठरत नाही.

तिसरे कारण, वेगळा आकार. १२० फिल्मचा मोठा निगेटिव्ह हवा असेल, तर ३५ मिमीची कितीही चांगली बॉडी तो देऊ शकत नाही.

या तिन्हींपैकी काहीच लागू नसेल, तर दुसरी बॉडी हौसेची आहे असे समजावे. हौस असायला हरकत नाही. हिशेब मात्र हौसेचाच धरावा.

माउंटचा मुद्दा महत्त्वाचा का?

लेन्स ज्या जागी बसते ते माउंट कंपनीगणिक वेगळे असते. कॅननने १९८७ मध्ये जुने एफडी माउंट सोडून ईएफ आणले. त्यामुळे एई-१च्या लेन्स ईओएस बॉडीवर थेट बसत नाहीत. निकॉनने १९५९चे एफ माउंट कायम ठेवले, पण त्यातही कोणती लेन्स कोणत्या बॉडीवर पूर्ण चालते हे तपासावे लागते. वेगळ्या माउंटची ‘स्वस्त’ बॉडी घेतली की पाठोपाठ लेन्सचा दुसरा संच येतो आणि खरा खर्च तिथे होतो.

हिशेब कसा मांडावा?

रुपयांऐवजी रोलमध्ये. उदाहरणादाखल, एका रोलची खरेदी, धुलाई आणि स्कॅन मिळून १,५०० रुपये धरले, तर ३६ फोटोंच्या रोलमध्ये एक फोटो सुमारे ४२ रुपयांना पडतो. १५,००० रुपयांची बॉडी म्हणजे १० रोल, अर्थात ३६० फोटो. महिन्याला एक रोल काढणाऱ्याचे ते दहा महिने. ‘ही बॉडी हवी, की दहा महिन्यांचे फोटो?’ असा प्रश्न स्वतःला विचारला की उत्तर बऱ्याचदा आपोआप मिळते. आपल्या गावातले दर घालून हे गणित प्रत्येकाला करता येईल.

यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक?

कॅनन एई-१चे (१९७६) शटर इलेक्ट्रॉनिक आहे. सेल संपला की कॅमेरा थांबतो. एफएम२ किंवा के१०००मध्ये सेल फक्त प्रकाशमापकाला लागतो, शटर त्याच्याविना चालते. इलेक्ट्रॉनिक कॅमेरे वापरायला सोपे असतात, पण आतले सर्किट गेले तर नवे मिळणे कठीण. मग त्याच मॉडेलचा दुसरा बंद कॅमेरा शोधून त्याचा भाग काढावा लागतो. यांत्रिक कॅमेऱ्यातही वंगण सुकते आणि शटरचा वेग बिघडतो, पण सफाई व तेलपाणी करून तो बऱ्याचदा मार्गी लागतो.

घेण्याआधी काय तपासावे?

बॉडीचे मागचे झाकण उघडून, रोल न भरता शटर सर्व वेगांवर उडवून पाहावे. मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशन व्हिडीओत १/८ सेकंदाला शटर सुमारे ३० फ्रेम, तर १/३० सेकंदाला सुमारे ८ फ्रेम उघडे दिसायला हवे. मंद वेग अडखळत असतील, तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरावा. शटरचा पडदा कापडी असेल, तर अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून त्याला बारीक भोके नाहीत ना, हे पाहावे.

झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल, तर उजेड आत शिरतो. तो बदलणे तुलनेने सोपे असते. सेलच्या जागेत हिरवट-पांढरे क्षार दिसले, तर सावध व्हावे. काही जुन्या कॅमेऱ्यांचा प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत असे. ते सेल आता मिळत नाहीत आणि १.५ व्होल्टचा सेल टाकला की मापन चुकू शकते. लेन्ससोबत घेत असल्यास काचेतून टॉर्च टाकून बुरशीचे जाळे शोधावे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत ती हमखास भेटते.

पैसे आधी कुठे घालावेत?

हातातल्या कॅमेऱ्यात. वर्षानुवर्षे न उघडलेल्या बॉडीचे सर्व्हिसिंग केले, तर ‘फोटो नीट येत नाहीत’ ही तक्रार अनेकदा तिथेच मिटते आणि दुसऱ्या बॉडीचे निम्मे कारण उरत नाही. शिवाय, कपाटात पडून राहिलेली दुसरी बॉडी नवी राहत नाही. न चालवल्यास तिचेही वंगण सुकते, पावसाळ्यात तिलाही बुरशी धरते. दोन बॉडी म्हणजे सांभाळायची दोन यंत्रे.

दुरुस्तीचा मुद्दा एकट्या ग्राहकापुरता नाही. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजारासारख्या ठिकाणी कॅमेऱ्यांची दुकाने आणि दुरुस्तीचे कारागीर आजही सापडतात. पण जुन्या मॉडेलचे सुटे भाग कंपन्यांनी केव्हाच बंद केले आहेत. हे काम जाणणारे हात टिकायचे, तर त्यांच्याकडे काम यायला हवे. नवे कॅमेरे फारसे येणार नसताना ही हौस पुढे किती वर्षे चालेल, हे किती बॉडी विकल्या गेल्या यावर ठरणार नाही. किती बॉडी चालू राहिल्या, यावर ते ठरेल. म्हणून आधी आहे ती बॉडी कारागिराला दाखवावी, मग दहा रोल काढावेत. त्यानंतरही वरच्या तीनपैकी एखादे कारण उरले, तर दुसरी बॉडी निःशंक घ्यावी.