आई म्हणताना ओठ मिटत नाहीत

अमेरिकन कार्टूनमधला एखादा पोरगा धावत घरात शिरतो आणि ओरडतो, "मॉम!" पडद्यावर त्याचे ओठ दोनदा मिटतात, एकदा शब्दाच्या सुरुवातीला आणि एकदा शेवटी. त्या जागी 'आई' म्हणून बघा. 'आ'ला तोंड उघडं, 'ई'ला ओठ फाकलेले. मिटणं कुठेच नाही. शब्द बरोबर, अर्थ बरोबर, पण चित्रातला पोरगा एक बोलतोय आणि ऐकू दुसरंच येतंय, असं वाटतं. मग मराठी डबिंगचा संवादलेखक 'मम्मी'वर येतो. 'आई'च ठेवायची असेल तर मागेपुढे एखादा प, ब किंवा म शोधत बसतो. जपानी मालिकेतला मुलगा मात्र 'ओकाआसान' म्हणतो. त्यात ओठ कुठेच मिटत नाहीत, तिथे 'आई, ए आई' बिनबोभाट बसतं.

प, फ, ब, भ, म. शाळेत घोकलेली ही ओळ डबिंगच्या खोलीत रोज कामाला येते. ओष्ठ्य वर्ण पडद्यावरच्या ओठांशी जुळले की बाकीचं थोडं इकडेतिकडे झालेलं कान माफ करतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत या कामाला लागणारी माणसं सापडतात याचं नवल नाही. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी 1978 पासून गडकरी रंगायतन उभं आहे, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर. बालनाट्य, एकांकिका स्पर्धा, निवेदन, मग मालिकेतली छोटी भूमिका, ही इथल्या अनेक कलाकारांची वाट, आणि तिचाच एक फाटा डबिंगकडे जातो. ठाण्याचे उदय सबनीस हे त्याचं ठळक उदाहरण. रंगभूमी, मालिका, चित्रपट हे सगळं करत असताना त्यांनी आवाजाचंही काम केलं. नाटकवाल्याला शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय असते. इथे मात्र माइक वीतभर अंतरावर असतो आणि तीच ताकद तेवढ्या जागेत कोंडून धरायची असते. मला हा बदल अभिनयातला सर्वांत अवघड बदल वाटतो.

स्टुडिओ बहुतेक अंधेरी आणि तिच्या आसपास. 8 जून 2014 ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तोवर डोंबिवलीहून निघालेला कलाकार दादरला उतरून गाडी बदलायचा. आता घाटकोपरला उतरून मेट्रो पकडतो. वेळ वाचतो, तसा गळाही थोडा वाचतो, कारण धूळ आणि गर्दी कमी खावी लागते.

खोली लहान असते, भिंतींना जाड अस्तर. समोर पडदा, उभ्यानं वाचायला स्टँड, कानाला हेडफोन. हेडफोनमधून मूळ भाषेतला आवाज येतो, त्याला 'पायलट' म्हणतात. काचेपलीकडे डबिंग दिग्दर्शक आणि रेकॉर्डिस्ट. एकेका तुकड्याला अजून 'लूप' म्हणतात. पूर्वी फिल्मचा तेवढाच तुकडा कापून, टोकाला टोक जोडून त्याचं कडं करायचे आणि ते प्रोजेक्टरवर गरगर फिरत राहायचं. वाक्य जमेपर्यंत चित्र पुन्हा पुन्हा येई. फिल्म गेली, कडं गेलं, शब्द राहिला. आणखी एक गोष्ट गेली. पूर्वी चारपाच जण एका माइकभोवती उभे राहून प्रसंग रंगवायचे, एक चुकला की सगळ्यांना पहिल्यापासून. आता ज्याचा त्याचा ट्रॅक वेगळा. भांडणाच्या प्रसंगात समोर भांडायला कुणी नसतं.

संवाद हा कामाचा अर्धाच भाग. उरलेलं काम 'रिअ‍ॅक्शन्स'चं. उडी मारताना निघणारा हुंकार, तोंडात घास असतानाचं बोलणं, गुदगुल्या, उचकी, डोंगरावरून पडताना लांबत जाणारी किंकाळी. हे सगळं लिहून देता येत नाही. कलाकार उभ्या जागी खरोखर पोट आत ओढतो, गाल फुगवतो, तळहाताच्या मागच्या बाजूला ओठ टेकवून घास चावतो. काचेतून बघणाऱ्याला वाटेल, या माणसाला काहीतरी होतंय. डोनाल्ड डकचा आवाज तर स्वरतंतूंतून निघतच नाही. गाल आणि दातांच्या मध्ये हवा दाबून तो काढतात. क्लॅरन्स नॅश यांनी 1934 पासून पन्नास वर्षं त्या गालातून बदक बोलवलं.

मुलग्यांचे आवाज बहुतेक बायका देतात. पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 120 वेळा थरथरतात, बाईचे 200 च्या आसपास, लहान मुलाचे 300 च्या घरात. खरा मुलगा घेतला तर दोनतीन वर्षांत त्याचा आवाज फुटतो आणि कार्टूनमधला मुलगा तर कधीच मोठा होत नाही. जपानमध्ये नोबुयो ओयामा या बाईंनी 1979 ते 2005 डोरेमॉनला आवाज दिला. आपल्याकडे मेघना एरंडे यांचा नॉडी आणि निंजा हातोडी हिंदीत ऐकत एक पिढी वाढली. ठाण्यातल्या ज्या मुलांनी शाळेतून आल्या आल्या तो निंजा पाहिला, त्यांतल्या कितींना ठाऊक होतं की पडद्यामागे एक मराठी बाई आहे?

मराठी माणसाला आवाजाची ही जादू नवी नाही. यशवंत पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव 1916 पासूनचा. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी 'झपाटलेला' चित्रपटासाठी तात्या विंचूचा बाहुला केला आणि 1993 साली दिलीप प्रभावळकरांनी त्याला आवाज दिला. हेच प्रभावळकर त्याआधी मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात चेटकीण झाले होते. चेटकीण ते विंचू हा प्रवास बालनाट्याच्याच घरातला. दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं तेव्हा शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरायचा. तो कानात इतका बसला की 2016 च्या चित्रपटातही हिंदी शेरखान त्यांच्याकडेच आला.

नाना हे आधीच मोठं नाव होतं. ज्यांचं नाव नाही त्यांचं काय, हा खरा प्रश्न आहे. 1937 च्या 'स्नो व्हाइट'मध्ये गाणारी एड्रियाना कॅसेलोटी श्रेयनामावलीत नव्हती. बग्ज बनीचा आवाज मेल ब्लँक यांनी पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, पण त्याऐवजी पडद्यावर नाव मिळालं. आपल्याकडे 2016 चा 'डेडपूल' हिंदीत संकेत म्हात्रे बोलला, 2018 च्या दुसऱ्या भागात त्या जागी रणवीर सिंग आला. पोस्टरवर तारा विकला जातो हे समजू शकतं. पण पहिल्यानं घडवलेली लकब दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा निदान पहिल्याचं नाव लोकांच्या तोंडी असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पैशाचंही तसंच. एकाच भागाची वर्षानुवर्षं फेरप्रक्षेपणं होतात, मोबदला मात्र बहुधा एकदाच मिळतो.

आता यंत्रही आवाज काढू लागलं आहे. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंगच्या आवाजाची यंत्राकरवी नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. त्याचा आवाज देश ओळखतो. ज्याचा आवाज घराघरात ओळखीचा आणि नाव कुणालाच माहीत नाही, त्यानं आवाज चोरीला गेल्याचं सिद्ध कसं करायचं? त्याच्या करारातल्या एका ओळीवर आता बरंच काही अवलंबून आहे.

ओरडणं दिवसाच्या शेवटी ठेवतात. आधी किंचाळलं तर गळा बसतो आणि साधे संवाद खरखरीत येतात. म्हणून आधी कुजबुज, मग गप्पा, मग भांडण आणि सगळ्यात शेवटी डोंगरावरून पडणं, स्फोट, राक्षसाची गर्जना. मग कोमट पाणी. संध्याकाळी घाटकोपरला कल्याण गाडीत चढलेली एखादी बाई ओढणी गळ्याभोवती गुंडाळून खिडकीशी बसते, ओळखीच्या बाईनं काही विचारलं तर हसून नुसती मान हलवते. पुढचं रेकॉर्डिंग उद्या सकाळी दहाला असतं आणि तोवर तिच्या गळ्यातल्या सात वर्षांच्या मुलाला बोलायची परवानगी नसते.