भाराखालचे तंतू

औंढा नागनाथ हे क्षेत्र १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीच्याच दप्तरात होते. त्याच्या परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्याच्या तजविजीस केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वर्णने वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचली. मला त्या भुजांहून तंतूंचे अगत्य अधिक वाटते.

ज्या अमेरिकन वेधशाळांच्या धर्तीवर हिची आखणी झाली, तेथे चाळीस किलोंचा एकेक आरसा शुद्ध सिलिका काचेच्या चार तंतूंवर टांगलेला असतो. जाडी जेमतेम ०.४ मिलिमीटर, आणि प्रत्येकाच्या वाट्यास दहा किलोंचा भार अहोरात्र. पूर्वी तेथे पोलादी तार असे. परंतु तिच्या अंतर्गत घर्षणाने उठणारे सूक्ष्म कंप वेधाच्या आड येत. सामान्य तापमानास ही काच भाराखाली व्यवहारतः ढळत नाही. लेसरने तापवली की मात्र मऊ पडते, आणि तंतू ओढता येतात ते त्यामुळेच.

पदार्थ न तुटता भाराखाली हळूहळू लांबत जातो, त्यास अभियंते ‘क्रीप’ म्हणतात. लायगो-इंडियाची एक भागीदार असलेल्या गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे मूळ कार्य अणुसंमीलनाचे, आणि त्या क्षेत्रात हा प्रश्न फारच बिकट होतो. संमीलन-भट्टीच्या आतील भागांसाठी सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंनी बळकट केलेले सिलिकॉन कार्बाइडच सुचवले जाते. असे तंतू जपानच्या सेइशी याजिमा यांनी १९७५ च्या सुमारास बहुवारिकापासून काढून दाखविले. पण ते हवेत पक्के केले जात असल्याने त्यांत प्राणवायू शिरे, कणही अतिसूक्ष्म राहत, आणि सुमारे १,२०० अंश सेल्सिअसवर ते कण सीमांवरून एकमेकांलगत घसरू लागत. पुढच्या पिढ्यांत प्राणवायू जवळजवळ हद्दपार झाला, कण मोठे झाले, आणि तग वाढली.

परीक्षा मोठी साधी: केसाहून बारीक तंतूस वळसा देऊन अडकवायचे, तासभर भट्टीत ठेवायचे, निवल्यावर सोडायचे. सरळ झाला तर तो ढळला नाही. वळसा कायम राहिला तर ताण सगळा विरला.

एवढ्याने मात्र भागत नाही. संमीलनातून निघणारे १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे न्यूट्रॉन अणूंना जागेवरून उडवतात, आणि नुसत्या उष्णतेने जेथे तंतू हलला नसता तेथेही तो लांबू लागतो. आजवरच्या चाचण्या बहुतांशी विखंडन-भट्ट्यांतील कमी ऊर्जेच्या न्यूट्रॉनांवर निभावल्या आहेत; खऱ्या ऊर्जेच्या माऱ्यासाठी स्पेनमधील ग्रानाडाजवळ स्वतंत्र यंत्रणा उभी राहत आहे.