उभयतांची पायपीट

बालरोगतज्ज्ञाच्या घरी रविवार नावाचा वार नसतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. ओपीडी बंद असली तरी काचेच्या पेटीतले कमी वजनाचे बाळ आणि उशाशी ठेवलेला फोन यांना सुट्टी ठाऊक नसते. अशी अठ्ठावीस वर्षे गेल्यावर जून २०२३ मध्ये आमच्या सौ.ने एक मागणी केली : वर्षभर प्रत्येक रविवार तिचा, आणि तोही पायी. मागणी शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या शिक्षिकेची होती. तीत पळवाट ठेवलेली नव्हती. एका तरुण समव्यवसायीने रविवारपुरता रुग्णालयाचा भार पत्करला आणि आम्ही निघालो.

इंदूरकरांना चालावयास दूर जावे लागत नाही. सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरचे आपले माळव्याचे पठार दक्षिणेस एकदम तुटते आणि खाली निमाड पसरते. वर सोयाबीन, गहू, हरभरा. खाली कापूस आणि मिरची. सिमरोलचा घाट मोटारीने उतरताना हा पालट काचेतून नुसता दिसतो. पायी उतरणाऱ्याच्या गुडघ्यांना तो आधी कळतो, मग अंगाला ऊब लागते, आणि डोळ्यांची पाळी शेवटी येते.

पहिल्या रविवारी सहा किलोमीटर झाले. दिवाळीपर्यंत अठरावर गेलो. बोलता यावे पण गाता येऊ नये, ही वेगाची जुनी कसोटी आम्ही पाळली. बूट अर्धा अंक मोठे घेतले, कारण दुपारी पाय सुजतात. टाच हुळहुळू लागताच, फोड येण्यापूर्वीच, मायक्रोपोरची पट्टी लावावी. आणि आठवड्याचे इतर सहा दिवस अर्धा-अर्धा तास चालल्याखेरीज रविवारच्या अठरा किलोमीटरना सांधे होकार देत नाहीत. रुग्णांना हे सांगणारे आपण मात्र जिन्याऐवजी लिफ्ट शोधतो, ते असो.

पावसाळ्यात जानापाव चढलो. चंबळेचा उगम तिथलाच. उंची ८५४ मीटर. पायथ्याशी काळी माती बुटांना अशी बिलगली की दर शंभर पावलांनी काटकीने ती खरवडावी लागे. हिवाळ्यात पाताळपाणीकडून कालाकुंडला उतरलो. तिथला कलाकंद प्रसिद्ध आहे आणि त्या कीर्तीला तो जागतो, एवढे नमूद करून पुढे जातो.

चोरल नदीच्या काठाने पुढे गेल्यावर एका पाड्यावर सौ.ने पाणी मागितले आणि बोलण्याच्या ओघात मी डॉक्टर असल्याचे सांगून टाकले. लगेच एक आजीबाई चौदा महिन्यांचा नातू घेऊन आल्या. दोन दिवस जुलाब. डोळे खोल गेलेले नव्हते, त्वचेची चिमटी सोडताच पूर्ववत होत होती, लघवीही झाली होती. आईने आतून झाकलेले भांडे आणून दाखविले. एक लिटर पाण्यात एक पुडी, नीट मोजून केलेले. आशा कार्यकर्तीने झिंकच्या २० मिलिग्रॅमच्या चौदा गोळ्या दिल्या होत्या आणि एक गोळी दिली की भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढावयाची, असे शिकविले होते. दोन रेघा होत्या. अंगावरचे दूधही चालू होते. मला करण्यासारखे काही उरलेच नव्हते. धोक्याची लक्षणे सांगावयास लागलो, तर ती आईनेच घडाघडा म्हणून दाखविली.

बराच वेळ आम्ही मुकाट्याने चाललो. मग सौ. म्हणाली, "अहो, तुमच्यावाचूनही मुले बरी होतात हो."

जानेवारीत मोरटक्क्याच्या पुलावरून दक्षिण तीरी गेलो. वाटेत लोक "नर्मदे हर" म्हणत आणि आम्हांस परिक्रमावासी समजत. सौ. प्रत्येकाला नीट समजावी, की परिक्रमेत नदी ओलांडावयाची नसते, ती सतत उजव्या हातास ठेवावयाची असते. आम्ही तर संध्याकाळी घरी परतणारी माणसे. तरी चहा मिळेच.

बेडियाहून लाल मिरच्यांच्या वाळवणांच्या कडेने रावेरखेडीस गेलो. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी इथे देह ठेवला, वय एकोणचाळीस. समाधीपाशी बसलो असताना, सहा महिने आम्ही दोघेही टाळत असलेला विषय तिने काढला. कन्या वैद्यकीय व्यवसायात नाही आणि इंदूरला परतणारही नाही. मग रुग्णालयाचे काय? समोरासमोर बसून हा विषय निघाला की माझा आवाज चढे. त्या दिवशी परतीच्या वाटेवर खांद्याला खांदा लावून चालताना आठ किलोमीटर तो चालला आणि एकदाही चढला नाही. "सोडा असे मी म्हणत नाही," ती म्हणाली, "पण रात्रीचे कुणाला द्यावयाचे, ते तुम्ही ठरवा. नाहीतर ते तुमची प्रकृती ठरवील."

एप्रिल २०२४ पासून नवजात शिशूंचा कक्ष आणि रात्रपाळी त्या तरुण समव्यवसायीकडे आहे. मी सकाळची ओपीडी पाहतो. पहिले पंधरा दिवस रात्री दोन वाजता आपोआप जाग येई. आता येते ती कधीतरी.

मे महिन्यातला शेवटचा टप्पा महेश्वर ते मंडलेश्वर होता. अहिल्याबाईंच्या घाटावरून पहाटे पाचला निघालो, नऊच्या आत सावली गाठली आणि तरीही निमाडच्या उन्हाने आम्हांस पुरते भाजून काढले. पुढे महेश्वरहून खलघाट आणि तिथून धरमपुरी असा बेत आहे, नोव्हेंबरनंतर.