अध्ययन वक्र, लष्करी उत्पादनातील

एकच वस्तू वारंवार तयार करताना कामगारांचे कौशल्य व कामाची मांडणी सुधारत जाते आणि प्रत्येक नगास लागणारे श्रम घटतात. एकूण उत्पादित नगसंख्या व प्रतिनग श्रम यांचा हा संबंध दर्शविणाऱ्या आलेखास अध्ययन वक्र म्हणतात. विमाने, जहाजे इ. लष्करी सामग्रीच्या परिव्ययाचा अंदाज करण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

अमेरिकन विमान-अभियंता थीओडोर पॉल राइट याने १९३६ मध्ये हा संबंध गणिती स्वरूपात मांडला. एकूण उत्पादन दुप्पट झाले, की विमानामागील सरासरी श्रमपरिव्यय सुमारे २० टक्क्यांनी घटतो, असे त्यास आढळले. म्हणून यास ८० टक्क्यांचा वक्र म्हणतात. हाच नियम प्रत्येक नगास लावल्यास, पहिल्या विमानास १ लाख श्रमतास लागले असता दुसऱ्यास ८०,०००, चौथ्यास ६४,००० व आठव्यास ५१,२०० तास लागतील. घट प्रारंभी वेगाने व पुढे संथपणे होते. दोन्ही अक्षांवर लॉगरिथमी मापश्रेणी घेतल्यास वक्राची सरळ रेषा होते व ती वाढवून पुढील नगांचा अंदाज करता येतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजे बांधली. त्यांपैकी पहिल्या ‘पॅट्रिक हेन्री’ला (१९४१) २४४ दिवस लागले, पुढे ही मुदत सरासरी ४२ दिवसांवर आली. अर्थात नव्या गोद्या व यंत्रसामग्री यांचाही त्यात वाटा होता.

या पद्धतीस मर्यादा आहेत. कच्च्या मालाचा खर्च श्रमांइतका घटत नाही. आराखडा बदलल्यास किंवा उत्पादन खंडित झाल्यास मिळविलेले कौशल्य अंशतः वाया जाते. आर्मेन आल्चियन या अर्थशास्त्रज्ञाने युद्धकालीन विमानांच्या आकडेवारीवरून अशा अंदाजांत सरासरी सुमारे २५ टक्के चूक दाखविली.

सर्वांत मोठा धोका नगसंख्येच्या गृहीतात असतो. अमेरिकेच्या बी-२ बाँबफेकी विमानांची मूळ योजना १३२ नगांची होती; शीतयुद्ध संपल्यावर ती २१ वर आली. परिणामी अध्ययनाचा लाभ मर्यादित राहिला आणि संशोधन-विकासाचा प्रचंड खर्च थोड्या विमानांवर विभागला जाऊन प्रत्येकाचा सरासरी परिव्यय सुमारे २ अब्ज डॉलरवर गेला. किंमत वाढली म्हणून मागणी घटवावी आणि मागणी घटल्याने किंमत आणखी वाढावी, असे चक्र यातून निर्माण होते. म्हणून नगसंख्या व उत्पादनाचा वेग न सांगता दिलेली प्रतिनग किंमत सार्वजनिक खर्चाच्या निर्णयास अपुरी ठरते.