तीन प्रती, तिन्हींत प्रश्नचिन्हं

शेअर्ड होस्टिंग घ्यावं की स्वतःचा व्हीपीएस, हा विषय या आठवड्यासाठी कबूल केला होता. तो आता पुढच्या अंकात. सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यापुढे होस्टिंगची तुलना मला थांबवता येण्यासारखी वाटली. शिवाय मराठी मजकुराचा बॅकअप हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यावर लिहायला निमित्त मिळालं तर मी सोडत नाही.

हे वाचक गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची वेबसाइटवर चालवतात. तीन-दोन-एकचा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, ते आधीपासूनच पाळत आलेत. एक प्रत वाचनालयाच्या संगणकावर, एक पोर्टेबल हार्ड डिस्कवर, एक पुण्याला मुलीकडे. होस्टिंग बदलायचं ठरलं म्हणून त्यांनी नव्या सर्व्हरवर बॅकअप चढवला. दाखल क्रमांक आले, किमती आल्या, प्रकाशनाची वर्षं आली. पुस्तकांच्या आणि लेखकांच्या नावांच्या जागी मात्र नुसती प्रश्नचिन्हं. हार्ड डिस्कवरची प्रत काढली, मुलीकडून तिची मागवली. तिन्हींत तेच. नियमात चूक नव्हती. मूळ फाईल तयार होतानाच मजकूर गेला होता आणि त्याच फाईलच्या तीन प्रती निगुतीनं जपल्या गेल्या होत्या.

हे होतं कसं, ते पाहू. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ची, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या एका पद्धतीची, आखणी केली. आज जवळजवळ सगळं वेब त्यावर चालतं. त्यात साधं रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीला तीन लागतात. काना, वेलांटी, हलन्त यांनाही प्रत्येकी तीन. म्हणजे ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी मिळून पाच चिन्हं, पंधरा बाइट. दुसरीकडे आपल्या अनेक वेबसाइटींच्या पोटात असलेला मायएसक्यूएल हा डेटाबेस मूळचा स्वीडनमधल्या कंपनीचा. वेगळं काही सांगितलं नाही तर समोरचा लॅटिन-१ बोलतो असं तो गृहीत धरायचा, आणि लॅटिन-१ म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांपुरती अक्षरं. हे गृहीतक २०१८ मध्ये, आठव्या आवृत्तीत बदललं. जुन्या साइटी आणि जुन्या स्क्रिप्ट अजून त्याच्याच छायेत आहेत.

वाचनालयाचा बॅकअप रोज रात्री एक छोटी पीएचपी स्क्रिप्ट घेत होती. तिनं डेटाबेसशी जोडणी करताना ‘मला यूटीएफ-८ हवं’ असं सांगितलंच नव्हतं. मग डेटाबेसनं प्रत्येक मराठी चिन्ह लॅटिन-१मध्ये शोधलं, ते तिथे नाही म्हणून त्याच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवलं. ‘मराठी’ची झाली पाच प्रश्नचिन्हं. कुठे एररचा संदेश नाही. त्या प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षर परत मिळत नाही. कोणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला, तर देऊ नका.

पण एक दुसरा प्रकार असतो आणि त्यात लोक उगाच धीर सोडतात. प्रश्नचिन्हांऐवजी विचित्र अक्षरांची रांग दिसते: डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए, मग चार कोपऱ्यांना टोकं असलेलं बारीक वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी. हा मजकूर जिवंत आहे! देवनागरीचे तिन्ही बाइट शाबूत आहेत, फक्त ते तीन वेगवेगळी लॅटिन अक्षरं म्हणून वाचले जातायत. ते येन तर मला फार आवडतं. युनिकोडच्या तक्त्यात पहिल्या वेलांटीपर्यंतच्या देवनागरी चिन्हांचा दुसरा बाइट वर्तुळ म्हणून दिसतो. दुसऱ्या वेलांटीपासून पुढे, म्हणजे उकार, मात्रा, हलन्त, अंक, सगळीकडे येन. नजर बसली की अशा कचऱ्यातूनसुद्धा जोडाक्षरं कुठे होती ते ओळखता येतं.

हा मजकूर सोडवायची रीत उलटी आहे. डंप, म्हणजे डेटाबेसमधून बाहेर काढलेली मजकुराची फाईल, मुद्दाम लॅटिन-१मध्येच मागायचा, म्हणजे बाइट आहेत तसे बाहेर येतात. मग फाईलमध्ये जिथे जिथे लॅटिन-१ असं लिहिलंय, तिथे यूटीएफ-८-एमबी-४ करायचं आणि ती नव्या डेटाबेसमध्ये चढवायची. हे नेहमी प्रतीवर करायचं. आणि ती फाईल वर्डमध्ये उघडून सेव्ह करू नका. त्या लॅटिन संचाच्या विंडोज आवृत्तीत पाच जागा रिकाम्या आहेत आणि नेमक्या तिथेच आपले ए, ऐ, झ, चंद्रबिंदू, पहिला उकार आणि हलन्त यांचे शेवटचे बाइट येतात. काही प्रोग्राम रिकाम्या जागेवरचा बाइट टाकून देतात. ‘ठ’चा शेवटचा बाइट त्या संचात न तुटणारी मोकळी जागा आहे, एखादा एडिटर तिची साधी स्पेस करून टाकतो आणि सगळे ठ जातात.

यूटीएफ-८-एमबी-४ असं लांबलचक नाव मुद्दाम लिहिलंय. मायएसक्यूएलमधलं जुनं, नुसतं यूटीएफ-८ तीन बाइटांपर्यंतच जातं. देवनागरीचं त्यात भागतं, इमोजीचं भागत नाही आणि मोडीचंही नाही. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, तिच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. जुन्या पद्धतीच्या टेबलात असं चिन्ह आलं की डेटाबेस अनेकदा तिथून पुढचा सगळा मजकूर कापून टाकतो. मोडी मजकूर मोडी लिपीतच साठवणाऱ्यांनी हे आजच तपासावं.

फाईल न उघडता निदान करायचं असेल तर तिचं आकारमान बघा. मराठी मजकूर प्रश्नचिन्हांत गेला तर तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो, कारण तीन बाइटांच्या जागी एकच उरतो. दुसऱ्या प्रकारात तेच बाइट पुन्हा एकदा यूटीएफ-८मध्ये गेले तर तो दुपटीहून अधिक फुगतो. काल एवढी असलेली फाईल आज कारण नसताना आटली किंवा सुजली, तर तो दिवस त्या कामाला द्या.

आणि डेटाबेसमध्ये एक खुणेची नोंद कायमची ठेवा. माझं वाक्य असं आहे: ‘ऐन सणाला बँकेतली ठुशी घालून एक मुलगी झऱ्यावर गेली.’ वर सांगितलेली सगळी नाजूक चिन्हं यात आलीत. शेवटी एक इमोजी टाका. बॅकअप दुसऱ्या संगणकावर चढवायचा आणि हे वाक्य अक्षर न् अक्षर वाचायचं. ते वाचून होईपर्यंत जुनं होस्टिंग बंद करायचं नाही, महिन्याचे जास्तीचे पैसे गेले तरी चालतील.

वाचनालयाची सूची वाचली ती यामुळेच. जुन्या खात्याची मुदत संपायला थोडे दिवस होते, तिथला डेटाबेस ठणठणीत होता. योग्य कॅरॅक्टर सेट सांगून नवा डंप घेतला, सूची पूर्ण आली. खातं बंद झालं असतं तर जुन्या कंपनीकडे त्यांचा स्वतःचा सर्व्हरचा बॅकअप मागायचा, आणि तोही नसेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर साठवलेली पानं धुंडाळायची.

याच धाग्यातला आणखी एक प्रश्न एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा आहे: नव्वदच्या दशकातल्या पेजमेकर फाईली उघडतात, पण मजकूर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. तिथे बिघाड नाही. श्रीलिपीसारख्या त्या काळच्या फॉन्टमध्ये ‘क’ हे चित्र एखाद्या रोमन अक्षराच्या जागी बसवलेलं असायचं, त्यामुळे फॉन्ट नसेल तर ते रोमन अक्षरच दिसतं. या फाईलींचा बॅकअप म्हणजे फाईल, तिचा नेमका फॉन्ट आणि त्या फॉन्टमधून काढलेली पीडीएफ, तिन्ही एकाच फोल्डरमध्ये. ज्यांच्याकडे ते फॉन्ट असलेला जुना संगणक अजून चालू आहे, त्यांनी येत्या रविवारी सगळ्या अंकांच्या पीडीएफ काढून घ्याव्यात. युनिकोडमध्ये रूपांतर नंतर सवडीनं करता येतं.