वादळाने आणलेले पाहुणे

कृष्णाकाठच्या वाचकांनो, पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा, दुभंगलेल्या शेपटीचा सुरय पक्षी तुम्ही नदीवर पाहिला असेलच. त्याचे काही भाऊबंद भर समुद्रात राहतात. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर ते घरटी करतात. एरवी किनाऱ्याला क्वचितच येतात.

वादळ झाले की मात्र चित्र पालटते. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ कोकणालगत उत्तरेकडे गेले. अशा वाऱ्यात पक्षी ढकलले जातात, खवळलेल्या पाण्यात मासे दिसत नाहीत, आणि उपाशी, थकलेली पाखरे किनाऱ्याला लागतात. एखादे घाट ओलांडून आपल्या शिवारातही उतरते.

आंबा घाटाने रत्नागिरीस जाणे झाले, तर रत्नदुर्गाच्या टोकावर जरूर जा. तिन्ही बाजूंनी समुद्र आणि सकाळी ऊन पाठीशी. पण वादळाचा इशारा उठल्यावरच जा आणि कड्यापासून लांब बसा.

शेतात असा पक्षी पडलेला आढळला, तर त्याला विहिरीत किंवा नदीत सोडू नका. समुद्रावरचा असूनही फ्रिगेट पक्ष्याची पिसे पाण्यात भिजतात व तो बुडतो. जाड फडक्याने धरा, चोचीपासून डोळे सांभाळा. भोके पाडलेल्या खोक्यात शांत जागी ठेवा. तोंडात पाणी ओतू नका. हात साबणाने धुवा आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. पोराबाळांना तो दुरूनच दाखवा. दमलेल्या पाहुण्याला आधी विसावा हवा.