लोगो छापायला देताय? आधी रंग पारखा

घरगुती मसाल्याच्या पाकिटाचा लोगो आला, व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी ‘छान’ म्हटलं. पण डिझायनरला ‘ओके’ कळवण्याआधी जरा थांबा. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड देतो, कागद देत नाही. पडद्यावर झळकणारा पोपटी किंवा भडक निळा चार शाईंच्या छपाईत बहुधा मंदावतो.

लोगोचा स्क्रीनशॉट ब्लॅक अँड व्हाइट करून पाहा. लाल पट्टीवरची हिरवी अक्षरं राखाडीत विरघळली, तर दोघांत फरक फक्त रंगाचा होता, उजळपणाचा नव्हता. लाल-हिरवा नीट न ओळखणारा ग्राहक तिथे अडखळेल आणि बिलाच्या झेरॉक्सवर तर नावच गायब होईल. पांढऱ्यावर पिवळं नकोच. हळदीच्या पाकिटाला हा मोह हमखास होतो!

आकडा हवा असेल तर ऑनलाइन कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये दोन्ही रंगांचे कोड टाका. काळं-पांढरं म्हणजे २१:१. वेबसाइटच्या निकषात लहान अक्षरांना किमान ४.५:१ लागतं. लोगोला ती सक्ती नाही, पण नाव वाचता तर यायला हवं ना?

मग प्रेसमधून त्याच कागदावर, खऱ्या मापात एक प्रूफ मागवा आणि ट्यूबलाइटखाली, हातभर लांबून आजींना वाचायला सांगा. त्यांनी चष्मा न शोधता वाचलं, तर खुशाल होकार कळवा.